चोरीच्या कार्डाचा भुर्दंड दुकानदारानेच का सोसायचा? – रिझर्व्ह बँकेस खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई;
तसेच कार्ड देणाऱ्या बँका, कार्ड कंपन्या (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे) आणि पेमेंट अ‍ॅग्रीगेटर (दुकानदारांच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्या, पुढे ‘पेमेंट कंपनी’) यांचे जबाबदार अधिकारी

विषय: कार्डावरील फसवणुकीत ऑनलाइन विक्री करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना संरक्षण मिळण्याबाबत

महोदय,

२५ सप्टेंबर २०२५ रोजी आपण डिजिटल व्यवहारांच्या प्रमाणीकरणाविषयी, म्हणजे पैसे देणारा खरा तोच आहे ना या पडताळणीविषयी, काढलेले निर्देश मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. नियम न पाळता झालेल्या व्यवहारात ग्राहकाचे नुकसान झाले, तर कार्ड देणाऱ्या बँकेने ते विनातक्रार आणि पूर्ण भरून द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारतात दिलेले कार्ड परदेशी संकेतस्थळावर वापरले जात असेल आणि तिकडच्या व्यापाऱ्याने पडताळणी मागितली, तर ती करून देण्याची सोय बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करावी, असेही त्यात आहे. दोन्ही तरतुदी योग्यच आहेत. मात्र परदेशात दिलेले कार्ड भारतातल्या एखाद्या लहान दुकानाच्या संकेतस्थळावर चालवले जाते, त्या उलट दिशेच्या व्यवहाराबद्दल मला त्यात काही सापडले नाही. आणि फसवणुकीची रक्कम शेवटी ज्याच्या खात्यातून वळती होते, त्या दुकानदाराबद्दल तर चकार शब्द नाही. ही बाजू राहून गेली आहे असे समजून मी हे पत्र लिहीत आहे. ती मुद्दाम सोडली असेल, तर तसे का केले तेही आम्हाला कळले पाहिजे.

आमचा काजूचा धंदा डिचोलीचा. सासऱ्यांनी बाजारात दुकान घातले, सत्तरीतल्या बागायतदारांकडून बिया घ्यायच्या, भाजून सोलून प्रतवारी करायची आणि विकायचे, हा क्रम त्यांनी आयुष्यभर चालवला. ऑनलाइन विक्री मी सुरू केली आणि आजही तीच बाजू मी सांभाळते. काजूगरासोबत आमसुले आणि खाजेही जातात. आमच्या गिऱ्हाइकांतला मोठा भाग गोव्याबाहेरच्या गोवेकरांचा आहे: कोणी दुबईत, कोणी लिस्बनला, कोणी इंग्लंडातल्या स्विंडनला. त्यातले बरेच जण स्वतःसाठी मागवत नाहीत. चतुर्थीला घरी जाणे जमत नाही म्हणून साखळीला आईला पाच किलो पाठवा, पुण्याला बहिणीला दोन किलो पाठवा, अशा त्यांच्या ऑर्डरी असतात. कार्ड परदेशातले, पत्ता इथला आणि पैसे देणाऱ्याचे नाव एक तर घेणाऱ्याचे दुसरे, हे आमच्याकडे रोजचे आहे. मुंबईत किंवा न्यूयॉर्कमध्ये बसून जोखमीचे नियम लिहिणाऱ्यांना अशी ऑर्डर संशयास्पद वाटते, पण आमचा सणासुदीचा निम्मा धंदा तसाच चालतो. म्हणूनच ‘पत्ता जुळत नसेल तर ऑर्डर घेऊ नका’ हा पेमेंट कंपन्यांचा ठरलेला सल्ला आमच्या उपयोगाचा नाही.

आता प्रत्यक्ष काय घडले ते सांगते. परदेशी कार्डावरून उत्तम प्रतीच्या, डब्ल्यू-१८० काजूगराची बरीच मोठी ऑर्डर आली. पत्ता हैदराबादचा होता, फोन नंबर चालू होता, पैसे मंजूर झाल्याची हिरवी खूण पडद्यावर उमटली आणि दोन दिवसांनी रक्कम आमच्या खात्यात जमाही झाली. पार्सल गेले, पोचले, सही मिळाली. काही महिन्यांनी पेमेंट कंपनीचा ई-मेल आला की कार्डधारकाने हा व्यवहार आपला नसल्याचे कळवले आहे, सबब रक्कम परत घेण्यात येत आहे. या धंद्यात याला चार्जबॅक म्हणतात. मी पार्सलावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक गृहिणी होत्या आणि त्यांनी काहीही लपवले नाही. समाजमाध्यमावर ‘गोव्याचे काजू निम्म्या दरात’ अशी जाहिरात त्यांना दिसली होती, जाहिरातदाराला त्यांनी यूपीआयने पैसे दिले होते आणि माल वेळेवर मिळाल्यामुळे त्या खूशही होत्या. जाहिरातीचा आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट त्यांनी लगेच पाठवला. म्हणजे कोणा तिसऱ्याने त्यांच्याकडून पैसे उकळले, आमच्याकडे मात्र चोरलेल्या कार्डाने तीच ऑर्डर त्यांच्या पत्त्यावर नोंदवली आणि मधले सगळे पैसे घेऊन तो नाहीसा झाला.

हिशेब मांडून पाहावा. परदेशातल्या कार्डधारकाला त्याच्या बँकेने पैसे परत दिले. हैदराबादच्या बाईंना काजू मिळाले. बँकेचे काही गेले नाही, पेमेंट कंपनीने आपली दलाली ठेवून घेतली आणि वर चार्जबॅक हाताळल्याचे शुल्क लावले. आमचा माल गेला, पैसे गेले, कुरिअरचा खर्च गेला. ते स्क्रीनशॉट, पोचपावती, फोनवरच्या संभाषणाची टिपणे असे सगळे पुरावे मी पाठवले; त्यावर ‘कार्डधारकाने व्यवहार नाकारला आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. अहो, कार्डधारकाने व्यवहार नाकारला हे मलाही मान्यच होते! त्याचे कार्ड चोरीलाच गेले होते. प्रश्न असा होता की, ते चोरीचे आहे हे ओळखण्याचे साधन ज्याच्याकडे अजिबात नाही, त्याच्याकडूनच वसुली का? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कार्डधारकाच्या संरक्षणाला माझा विरोध नाही, हे इथेच स्पष्ट करते. ६ जुलै २०१७ च्या आपल्या परिपत्रकाने सामान्य ग्राहकाला मोठा आधार दिला. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवल्यास ग्राहकावर काहीही बोजा नाही, कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा, ९० दिवसांत निकाल, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. किती नेमके नियम आहेत हे! दुकानदाराच्या वाट्याला यातले काय आहे? नोटीस किती दिवसांची मिळावी, पुरावा कोणी तपासावा, निकालाची कारणे द्यावीत की नाही, दाद कुठे मागावी, यातले काहीच आपण ठरवून दिलेले नाही. ते सगळे कार्ड कंपन्यांच्या नियमपुस्तकांवर आणि पेमेंट कंपनीच्या करारावर सोडले आहे, आणि तो करार म्हणजे ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर केलेली एक टिचकी.

यावर ‘हा दोन पक्षांमधला खासगी करार आहे’ असे उत्तर येईल, म्हणून आधीच सांगते. पेमेंट अ‍ॅग्रीगेटरांना आपण १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नियमनाखाली आणले आणि ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने सीमेपलीकडचे व्यवहार हाताळणाऱ्यांनाही. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१४ मध्ये, काही कंपन्या देशातलेच व्यवहार परदेशातून फिरवून ओटीपीसारखी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी टाळत होत्या, तेव्हा आपण परिपत्रक काढून ती पळवाट बंद केलीत. आपल्याला अधिकार आहे आणि मनात आले की आपण तो वापरता, हे आम्ही पाहिले आहे.

मूळ दुखणे पडताळणीचे आहे, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. भारतात दिलेल्या कार्डांना ऑनलाइन खरेदीसाठी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी आपण ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. आज ओटीपीसारख्या पडताळणीशिवाय देशी कार्ड ऑनलाइन सहसा चालत नाही आणि तशी पडताळणी झालेल्या व्यवहारात कार्डाच्या गैरवापराची जोखीम साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. देशी कार्डांच्या बाबतीत या प्रकारचा त्रास आम्हाला फारसा होत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परदेशी कार्डांना ही सक्ती लागू नाही. युरोपात तसा कायदा आहे, त्यामुळे लिस्बनच्या गिऱ्हाइकाला पडताळणीची सवय असते. अमेरिकेत तशी सक्ती नाही, तिथले कार्ड नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर चालून जाते. कार्ड कंपन्यांची थ्री-डी सिक्युअर नावाची पडताळणीची व्यवस्था जगभर उपलब्ध आहे, पण ती कोणत्या परदेशी व्यवहारात वापरायची हे आमच्या वतीने पेमेंट कंपनी ठरवते. पडताळणीचा पडदा आला की काही गिऱ्हाइके खरेदी अर्धवट सोडतात, म्हणून तो न दाखवण्याकडे त्यांचा कल असतो. व्यवहार वाढले तर दलाली त्यांची, आणि फसले तर नुकसान आमचे. आमच्या डॅशबोर्डवर मात्र दोन्ही प्रकारच्या व्यवहारांपुढे तीच एक हिरवी खूण दिसते. यात पडताळणी झाली आहे की नाही आणि उद्या वाद निघाला तर रक्कम कोणाच्या अंगावर येणार, एवढे दोन शब्द तिथे लिहिले असते, तर हैदराबादच्या ऑर्डरीचे पार्सल बांधण्याआधी मी दोनदा विचार केला असता.

दुसरी तक्रार माहितीची. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड कंपनी यांच्याखेरीज कोणीही कार्डाचा तपशील साठवू शकत नाही. नियम चांगला आहे. लोकांचे कार्ड नंबर माझ्या संगणकात असावेत, अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण मग माझ्या हाती शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव उरते. त्या कार्डावर एका तासात पाच देशांत खरेदी झाली आहे का, ते आधीच कोणी चोरीचे म्हणून कळवले आहे का, हे बँकेला आणि कार्ड कंपनीला दिसते. कार्ड देणाऱ्या बँका फसवणुकीची नोंद कार्ड कंपनीकडे करतात, ती नोंद व्यापाऱ्याच्या बाजूच्या बँकेपर्यंत येते आणि तिथेच अडकते. वादाची आगाऊ सूचना व्यापाऱ्याला देणाऱ्या सेवा बाजारात आहेत. त्यातल्या व्हेरिफाय आणि इथोका या दोन कंपन्या २०१९ मध्ये अनुक्रमे व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी विकत घेतल्या. म्हणजे जी सूचना वेळेवर मिळाली तर पार्सल वाटेतून परत बोलावता येईल, ती मिळण्यासाठी आता त्याच कार्ड कंपन्यांच्या सेवेचे पैसे मोजायचे. महिन्याला शे-दोनशे ऑर्डरींचा धंदा असलेल्या माणसाने हे कुठून परवडवायचे?

मुदतीबद्दल. कार्डधारकाला वाद उपस्थित करायला साधारण १२० दिवस मिळतात. चतुर्थीला विकलेला माल आमच्या लेखी नाताळापर्यंत पक्का विकला गेलेला नसतो. उत्तर द्यायला आम्हाला किती दिवस? कार्ड कंपन्यांच्या नियमांत महिनाभराची किंवा त्याहून थोडी जास्त मुदत असते, पण ती बँक आणि पेमेंट कंपनी या मधल्या दोन टप्प्यांवर खर्च होते आणि आमच्यापर्यंत येताना सहा-सात दिवस उरतात. तेही ई-मेल नेमका सणाच्या सुटीत आला, तर आणखी कमी. पुरावा म्हणून काय चालेल ते कळवत नाहीत. एक पीडीएफ चढवायची जागा असते, आकाराची मर्यादा इतकी तोकडी की पोचपावतीचा फोटो लहान करता करता त्यावरची सहीच दिसेनाशी होते.

शुल्काबद्दल फार लिहीत नाही. वाद आम्ही जिंकलो तरी हाताळणी शुल्क परत मिळत नाही आणि त्यावर १८ टक्के जीएसटीही जातो. हे कोणत्या न्यायात बसते, ते एकदा कोणीतरी लेखी सांगावे.

आणखी एक प्रकार आहे, जो चोरीपेक्षा जास्त चीड आणतो. कार्ड खऱ्या माणसाचे, ऑर्डर त्याचीच, माल त्यानेच घेतलेला आणि नंतर ‘मी हे मागवलेच नाही’ असे बँकेला कळवलेले. कधी घरातल्या दुसऱ्या कोणी कार्ड वापरलेले असते, कधी बिलावर आमच्या दुकानाऐवजी पेमेंट कंपनीचे नाव छापून येते म्हणून ओळख पटत नाही, आणि कधी सरळ लबाडी असते. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून यावर एक उपाय आणला: त्याच गिऱ्हाइकाचे, १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे, वाद न झालेले दोन व्यवहार दाखवा, आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, खाते, पत्ता यांपैकी दोन गोष्टी जुळवून द्या, त्यातली एक आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख असली पाहिजे, मग जबाबदारी व्यापाऱ्यावरून उतरते. उपाय चांगला आहे, पण जुन्या गिऱ्हाइकापुरताच. पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला तो लागू होत नाही, आणि आमच्या पेमेंट कंपनीच्या अर्जात तर आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख भरायला रकानाच नाही.

कार्ड तपासून पाहणाऱ्या टोळ्यांचाही उल्लेख केला पाहिजे. चोरलेल्या नंबरांपैकी कोणते चालू आहेत हे पाहण्यासाठी लहान दुकाने वापरली जातात. आमच्याकडे तसे झाले तेव्हा पहाटेच्या सुमारास, यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू, खाज्याचे छोटे पाकीट, एकाच नावाने पुन्हा पुन्हा मागवले जात होते. दर वेळी शेवटचे चार आकडे वेगळे, नाकारले, नाकारले, नाकारले, आणि मध्येच एखादे मंजूर. सकाळी मी डॅशबोर्ड उघडला तेव्हा त्या ओळींनी पडदा भरला होता. हा प्रकार कोणत्याही यंत्राला पाच मिनिटांत ओळखू यावा असा आहे आणि ते यंत्र पेमेंट कंपनीकडे होते. तरी मंजूर झालेल्या प्रत्येक व्यवहाराचा चार्जबॅक मात्र दुकानाच्या नावावर चढला. असे चार्जबॅक वाढले की दुकान ‘जोखमीचे’ ठरते, पैसे रोखून धरले जातात, नाहीतर खातेच बंद होते.

पोलिसांकडे गेले तर तिथेही पंचाईत. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. पण तक्रार घेताना साहजिकच विचारतात की कार्ड कोणाचे, नंबर काय, पैसे कोणाच्या खात्यातून गेले. यातले एकही उत्तर माझ्याकडे नसते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकाची सगळी रचनाही, ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याला समोर ठेवून केलेली आहे. आमच्या खात्यातून पैसे जातात ते बँकेच्या आणि पेमेंट कंपनीच्या हातून, अगदी कायदेशीरपणे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची: परदेशी कार्डावरील प्रत्येक व्यवहारापुढे पडताळणी झाली की नाही आणि वाद झाल्यास जबाबदारी कोणाची, हे माल पाठवण्यापूर्वी व्यापाऱ्याला दिसले पाहिजे. पडताळणीशिवाय परदेशी कार्ड स्वीकारायचे की नाही हे ठरवण्याचे बटण व्यापाऱ्याच्या हाती, कोणत्याही जादा शुल्काविना, असले पाहिजे. पेमेंट कंपनीने ते आपल्या हाती ठेवले, तर अशा व्यवहारातल्या फसवणुकीचे नुकसानही तिनेच सोसावे.

दुसरी: २०१७ च्या परिपत्रकाच्या धर्तीवर व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र निर्देश काढावेत. त्यात चार्जबॅकची नोटीस मिळाल्यापासून किमान २१ दिवसांची मुदत, कोणता पुरावा लागेल याची मराठीसह प्रादेशिक भाषांतून यादी, आणि विरोधात निर्णय गेल्यास त्याची लेखी कारणे, एवढे तरी असावे. निर्णय होईपर्यंत रक्कम रोखून ठेवायची असेल तर ठेवावी, पण ती कोणाकडे, किती दिवस आणि कोणत्या खात्यात आहे हे कळवावे.

तिसरी: कार्ड देणाऱ्या बँकेने फसवणुकीची नोंद केली की तिची सूचना २४ तासांत व्यापाऱ्यापर्यंत विनामूल्य पोचली पाहिजे. पार्सल अजून वाटेत असेल तर तेवढ्याने नुकसान टळते आणि त्यात कोणाच्याही कार्डाचा तपशील उघड करावा लागत नाही.

चौथी: व्यापाऱ्याने जिंकलेल्या वादाचे शुल्क परत मिळावे. कार्ड तपासण्याच्या हल्ल्यातले चार्जबॅक दुकानाच्या नोंदीत धरले जाऊ नयेत.

पाचवी: चार्जबॅकच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला, बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आपल्या एकात्मिक लोकपाल योजनेत व्यापाऱ्यांसाठी स्पष्ट जागा करावी, ‘व्यावसायिक निर्णय’ या शब्दांखाली अशा तक्रारी दारातूनच परत जाऊ नयेत. आणि व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार केल्यास, व्यवहाराच्या क्रमांकावरून उरलेला तपशील बँकेने थेट तपास अधिकाऱ्याला ठरावीक मुदतीत द्यावा.

यातल्या एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. बहुतेक आपल्या एका परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत. कार्ड कंपन्या ‘हे जागतिक नियम आहेत, बदलता येत नाहीत’ असे म्हणतील. २००९ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीबद्दल आणि पुढे कार्डाचा तपशील साठवण्याबद्दल भारताने स्वतःचे नियम केले, तेव्हा त्यांनी ते पाळले.

रिझर्व्ह बँकेचे कार्यालय पणजीत आहे. काजू, मसाले, हस्तकला विकणारे आणि घरगुती पर्यटक निवास चालवणारे आमच्यासारखे अनेक जण डिचोलीपासून काणकोणपर्यंत आहेत. निवासवाल्यांना तर चोरीच्या कार्डाने आरक्षण करून ‘बेत रद्द झाला, पैसे दुसऱ्या खात्यात पाठवा’ म्हणणारे भामटे वेगळेच भेटतात. येत्या चतुर्थीचा हंगाम सुरू होण्याआधी पणजीच्या कार्यालयात आम्हा व्यापाऱ्यांची, पेमेंट कंपन्यांची आणि बँकांची एकत्र बैठक घ्यावी, अशी विनंती आहे. नोटिसा, उत्तरे, पोचपावत्या आणि पहाटेच्या त्या ऑर्डरींच्या छापील याद्या आम्ही सोबत आणू. या पत्राचे लेखी उत्तर मिळाल्यास, ते जसेच्या तसे इतर व्यापाऱ्यांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली विश्वासू,
ऑनलाइन काजूविक्री करणारी एक व्यापारी
डिचोली, गोवा